बरणीभर मीठ

बोय माशाचं खवलं करंगळीच्या नखाहून जरासं लहान असतं. ओलं असेल तर जिथे बसेल तिथे चिकटतं. सुकलं की कडा किंचित वर उचलतं आणि अभ्रकाच्या कपच्यासारखं चमकत राहतं. भिंगाखाली धरलं तर त्यावर एकात एक बसलेली बारीक रिंगणं दिसतात.

पद्मजा लिमयेच्या डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या थोडं वर, असं एक खवलं बसलं होतं. ते तिला दिसलं थेट शाळेच्या फाटकाशी. झटकून टाकायला तिने हात उचलला आणि... तसाच ठेवला. मग नखाने ते अलगद सोडवलं, रुमालाच्या घडीत ठेवलं आणि भर रस्त्यात एकटीच हसली.

हसण्यासारखंच झालं होतं सगळं.

त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता, आणि आठवीच्या मुलींना पृथ्वीवरचं काहीच पुरेसं वाटेनासं झालं होतं. "बाई, चंद्रावर जीवशास्त्र नसेल ना? म्हणजे परीक्षा पण नसेल!" एकीने मागच्या बाकावरून विचारलं होतं. पद्मजा कधी आवाज चढवत नसे. तिने फळा पुसला, हात झटकले आणि म्हणाली, "चंद्रावर नसेल. तुमच्या स्वयंपाकघरात मात्र भरपूर आहे. दर शनिवारी प्रत्येकीने घरातून एक उदाहरण शोधून आणायचं."

तेव्हापासून शनिवारच्या तासाला वर्गात पाय ठेवायला जागा नसे. कुणी मोड आलेली मटकी फडक्यासकट आणी. कुणी सांगे, खिरीतले बेदाणे टम्म फुगले. कुणाच्या घरी दही लागलंच नाही, कारण उकळत्या दुधात विरजण घातलं होतं. "भाजले बिचारे जीवाणू," पद्मजा म्हणे. एकीने तर पालीची तुटलेली शेपटी काडेपेटीत घालून आणली आणि पहिला बाक रिकामा केला.

मग धडा आला श्वसनाचा, आणि त्यात माशांचे कल्ले. शाळेच्या तक्त्यावरचा मासा पावसाळी ओलीने इतका फिकटला होता की त्याचे कल्ले कुठे आणि शेपूट कुठे, हे सांगावं लागे. पद्मजाच्या घरी मासा सोडाच, चातुर्मासात कांदाही येत नसे. तरी नारळी पौर्णिमेनंतरच्या एका शनिवारी, सकाळच्या बारीक रिमझिमीत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन ती अंधेरी स्टेशनजवळच्या मासळीबाजारात शिरली. आयुष्यात पहिल्यांदा.

"काय पायजे गो बाय? पापलेट घे, ताजा हाय!"

केसांत अबोलीची वेणी माळलेली, रुंद कपाळाची एक कोळीण पाटीमागे बसली होती. पद्मजा तिच्यापुढे थांबली ती केवळ तिच्या आवाजामुळे. तो टाळून पुढे जाणं शक्यच नव्हतं.

"मला... एक मासा हवाय. कल्ले लाल असलेला."

"लालच हायत! बग!" कोळणीने एका बोईच्या गालाखाली बोट घालून झाकण उचललं. आत कुंकवासारखं लाल. पद्मजा नकळत खाली वाकली. "किती मानसांना?"

"चाळीस."

"चाळीस?" कोळीण शेजारणीकडे वळली. "आयकलास काय गो? एका बोईत चाळीस पानं वाडनार ही!"

"नाही, नाही... खायचा नाहीये. बघायचाय."

"बगायचा?"

"वर्गात. मी शाळेत शिकवते."

कोळणीला ते कितपत कळलं कोण जाणे. पण बाई भली दिसते, बाजारात नवखी दिसते, तिला घरी जाऊन त्रास नको, एवढं मात्र तिच्या मनाने घेतलं. पद्मजा पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागली. मान वर केली तोवर कोयत्याने आपलं काम केलं होतं. खवलं खरवडून झाली होती, पर छाटले गेले होते, पोट साफ झालं होतं. आणि ज्यांच्यासाठी ती रिमझिमीत चालत आली होती ते लाल कल्ले बाजूच्या ढिगात पडले होते.

"घे. नीट धूवन दिलाय," कोळीण प्रेमाने म्हणाली.

तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने हसलं.

"आई, तू त्यांचा धडाच कापून टाकलास!"

बर्फाची पाटी उतरवून तो तरुण सरळ उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पण अंगात इस्त्रीचा शर्ट आणि डोळ्यांवर चष्मा. चष्म्यावर पावसाचे थेंब. "बाईंना हवं होतं ते सगळं त्या ढिगात आहे," तो आईला म्हणाला. मग पद्मजाकडे बघून, "आठवी ना? श्वसन?"

"तुम्हाला कसं..."

"मी बी.एस्सी. झालोय, झूऑलॉजी. मत्स्यखात्यात माशांची लांबी मोजतो. सरकार त्याचा पगार देतं. आई म्हणते, ती तेच काम नुसत्या नजरेने फुकट करते."

पुतळाबाईंनी, म्हणजे त्या कोळणीने, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि दुसरी अख्खी बोय काढून दिली. पैसे घेईनात. तो मुलगा, त्याचं नाव बळवंत, स्वतः मासा डब्यात ठेवू लागला. डबा हातातून हातात जाताना एक खवलं निसटून तिच्या मनगटावर बसलं असावं. तेव्हा तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"धडा झाला की मासा परत आणणार ना?" त्याने विचारलं.

"का?"

"आमच्यात मासा नुसता बघून सोडत नाहीत."

मासा तिने परत आणला नाही. शाळेच्या मांजरीने तो प्रश्न सोडवला. पण पुढच्या शनिवारी आभार मानायला म्हणून ती गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुतळाबाईंनी बोलावलं होतं म्हणून. त्याच्याही पुढच्या शनिवारी कारण शोधायचं ती विसरून गेली. तो कचेरीत जाण्याआधी आईची पाटी उतरवून द्यायला येई. तिची शाळा भरायला थोडा वेळ असे. बाजाराच्या तोंडाशी एक चहाची टपरी होती; तिच्या ताडपत्रीखाली दोघं उभी राहत.

"खवल्यावरची रिंगणं मोजली का?" त्याने एकदा विचारलं.

"मोजली. पण वय काही कळलं नाही."

"कळणारच नाही. थंड मुलखातल्या माशांचं कळतं. हिवाळ्यात वाढ मंदावते, खूण उमटते. आपल्याकडे पाणी वर्षभर कोमट. आपली बोय वयाचा पत्ता लागू देत नाही."

"सोयीचं आहे."

"तुमचं किती, विचारू?"

"विचारू नका," पद्मजा म्हणाली. चहाचा घोट घेतला. "सव्वीस."

तो हसला. हसला की चष्मा नाकावरून घसरे आणि तो मनगटाने वर ढकली, कारण बोटांना बर्फ आणि मासळी लागलेली असे. हे तिने पहिल्यांदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि मग ती त्या क्षणाची वाटच बघू लागली.

थंडीत पद्मजाच्या आईने लिंबाचं लोणचं घातलं. पद्मजाने त्यातली छोटी बरणी पुतळाबाईंसाठी नेली. घरी सांगितलं, शाळेत देते. दोन शनिवारांनी बळवंतने ती परत आणली. जड होती.

"रिकामी बरणी परत करायची नसते, असं आई म्हणते," तो म्हणाला. "पण घालायचं काय? सकाळपासून घर पालथं घातलं. बोंबील नको, जवळा नको, सोडे नको... तुमच्या घरी चालेल असं आमच्या घरात एकच निघालं."

तिने झाकण उघडलं. आत गळ्यापर्यंत खडेमीठ होतं, जाडं, किंचित राखी झाकेचं.

"मासे खारवायला पोतं भरून असतं. तुमच्या आईच्या लोणच्यात मीठ, माझ्या आईच्या सुरमईत मीठ. दोन्हीकडे काम तेच, आतलं पाणी बाहेर ओढायचं. आता या शनिवारचं उदाहरण माझ्याकडून. किती मार्क, बाई?"

"दहापैकी... नऊ."

"एक कुठे गेला?"

"राखून ठेवलाय. पूर्ण मार्क दिले की मुलं शेफारतात."

"मी मूल नाहीये."

यावर पद्मजाने बरणीचं झाकण लावलं. जरा जास्तच घट्ट.

घरी आईने बरणी कट्ट्यावर पाहिली. "मीठ चांगलं दिसतंय गं. उन्हाळ्यात कैरीला होईल," असं म्हणून फडताळात ठेवून दिली. कुठून आणलं, हे तिने विचारलं नाही आणि पद्मजाने सांगितलं नाही. न विचारलेलं न सांगणं तिला फार चांगलं जमत असे.

होळीच्या आधी पुतळाबाईंनी तिला वेसाव्याला घरी बोलावलं. किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. घर समुद्राकडे तोंड करून. पुतळाबाईंनी चुलीवर चहा ठेवला आणि टोप उचलून तिच्यापुढे धरला. "बग गो बाय. टोप नवा हाय. मासली नाय लागली त्याला. तुज्यासाठी घेतला."

पद्मजाच्या घरीही एक वेगळा कप होता, गॅलरीच्या खिडकीत उपडा घातलेला. पण तो कुणाचा मान राखायला ठेवलेला नव्हता. बळवंत कधी आलाच, तर आई त्याला चहा कशात देईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परतताना तो बसथांब्यापर्यंत सोबत आला. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर बारके खेकडे आपापल्या बिळाशी वाळूच्या गोळ्या करत बसले होते.

"पद्मजा," तो म्हणाला. पहिल्यांदाच. "एक विचारायचंय. पण तू म्हणशील, निरीक्षण अजून पूर्ण झालं नाही."

तो 'तू' म्हणाला होता. वारा आला म्हणून तिने पदर आवरला, आणि त्याची चूक दुरुस्त केली नाही.

"विचार," ती म्हणाली.

त्याने विचारलं. साध्या चार शब्दांत. एक लाट आली, पायांपर्यंत न पोचताच परत गेली.

"मला हो म्हणायचंय," पद्मजा अगदी हळू बोलली. "म्हणजे... तुला हो. ते तर कधीच झालंय. पण तुला म्हणून भागणार नाही ना. घरी म्हणावं लागेल."

"मग म्हण की."

"म्हणेन."

"कधी?"

तिने रस्त्याकडे, बसच्या दिशेला पाहिलं. त्याने मनगटाने चष्मा वर ढकलला.

"बरं, थांबतो. मीठ लावून ठेवलंय. पाणी आपोआप सुटेल."

"बळवंत!"

"काय? उदाहरण चुकलं का, बाई?"

ती हसली, मग बस आली.

पाणी मात्र सुटेना. आधी मुलींची वार्षिक परीक्षा होती. मग वडिलांचा, म्हणजे नानांचा, रक्तदाब वाढला. मग थोरल्या भावाच्या, विद्याधरदादाच्या, बढतीचं चाललं होतं, घरात उगाच वादळ नको. पद्मजा प्रत्येक कारण तपासून बघे आणि प्रत्येक खरं निघे. सगळी मिळून मात्र ती खोटी होती, हेही तिला कळत होतं. रात्री जेवताना, "नाना, मला..." एवढं तोंडापर्यंत येई, आणि आई म्हणे, "ताक वाढू?"

मे महिन्यात मुलुंडचं स्थळ आलं. नंदकुमार नावाचा इंजिनियर, स्वतःचा ब्लॉक. रविवारी चार वाजता मंडळी येणार असं ठरलं. पद्मजा नको म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. घराने ते हो धरलं.

आदल्या दिवशी, शनिवारी, शाळेला सुट्टी असूनही ती आकाशी साडी नेसून बाजारात गेली. बळवंतला तिने सगळं सांगितलं. ऐकताना तो बर्फाचा भुगा मासळीवर पसरत होता. हात थांबले नाहीत.

"माझी रत्नागिरीला बदली झालीय," तो म्हणाला. "जूनमध्ये रुजू व्हायचंय. तिथे क्वार्टर्स मिळतात. दोघांना पुरतील एवढ्या."

"रागावलास?"

"नाही गं. तुझ्यावर रागावता येत नाही, तीच तर पंचाईत." त्याने वर पाहिलं. डोळ्यांत हसू नव्हतं. "पण पुढच्या महिन्यापासून शनिवारी मी इथे नसेन. तू आलीस तर आई तुला चांगलीशी बोय देईल... बस्, एवढंच उरेल. तो एक मार्क राहिलाय ना माझा, तो मला देऊ नकोस. घरी दे."

तो पाटी उचलून निघून गेला. पद्मजा उभीच राहिली. पुतळाबाईंनी ओल्याच हाताने तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

"घरच्यांना भितेस?"

पद्मजाने होकारार्थी मान हलवली.

"मी पन भिले. बामनाची पोर सून म्हनून आनायची म्हंजे काय सोप्पा हाय? भावकी बोलनार, बाजार बोलनार. आठ दीस जेवन गेला नाय मना. मग एक दिवस सगल्यांना बसवला न् सांगून टाकला." पुतळाबाईंनी कोयता पाण्यात बुडवला. "बोलले ते. खूप बोलले. न् मी निजले झकास."

घरी येऊन पद्मजाने साडी धुतली आणि गॅलरीत वाळत घातली.

रविवारी दुपारी घरात पोह्यांसाठी कांदा चिरल्याचा वास होता. नाना बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राआड बसले होते. दादा शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या भिंतीशी मांडत होता, पुन्हा हलवत होता. आईने सकाळीच कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं होतं. आता तिने बरणीवरचं फडकं सोडून आत पाहिलं.

"बघ गं, किती छान पाणी सुटलंय," आई म्हणाली. "तू आणलेलंच मीठ घातलं. ढवळावं लागलं नाही, काही नाही."

पद्मजाने पाहिलं. फोडी आक्रसल्या होत्या, त्यांचं आंबटपण बाहेर आलं होतं, आणि बरणीच्या तळाशी स्वच्छ, हिरवट पाणी जमलं होतं. दर वर्षी ती हे बघत आली होती. किती मुलींना तिने हे समजावलं होतं.

"बरं, ती आकाशी नेस. तुला खुलून दिसते." आईने गॅलरीतून साडी काढून आणली आणि खुर्चीवर पसरून निऱ्यांच्या बाजूने हात फिरवू लागली. फिरता हात काठाशी थांबला. "अगंबाई! ही टिकली कधी लावून घेतलीस?"

काठाच्या जरीला खेटून, करंगळीच्या नखाहून जरासं लहान असं काहीतरी चमकत होतं. साडी धुतली गेली होती. ते सुटलं नव्हतं.

"एकच दिसतेय," आई नखाने ते चाचपत म्हणाली. "बाकीच्या गळल्या वाटतं?"

किती सोपं होतं! 'हो, गळल्या' म्हणायचं. दोन शब्द. आई मान डोलावेल, साडी हातात देईल. चार वाजतील. बाहेर दादा म्हणत होता, "नाना, तुम्ही या खुर्चीवर बसा, मुलाचे वडील त्या." पद्मजाने बरणीकडे पाहिलं, मग आईच्या बोटाखालच्या त्या चमकत्या ठिपक्याकडे. तिचा आवाज वर्गात असतो तसाच निघाला, सावकाश आणि स्पष्ट, बाहेरच्या खोलीपर्यंत पोचेल असा.

"ती टिकली नाही, आई. माशाचं खवलं आहे."

आईचं बोट झटकन मागे आलं. बाहेर खुर्ची सरकायची थांबली.

"काल मी मासळीबाजारात होते. दर शनिवारी असते. तिथे पुतळाबाई म्हणून आहेत, वेसाव्याच्या. कैरीला लावलंस ते मीठ त्यांच्या घरचं."

"पद्मा..." आई एवढंच म्हणाली.

नाना दारात येऊन उभे राहिले. चष्मा हातात, वर्तमानपत्र काखेत. त्यांच्यामागे दादा. पद्मजाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. घाई केली नाही, पण थांबलीही नाही.

"त्यांचा मुलगा बळवंत. मत्स्यखात्यात आहे. जूनमध्ये रत्नागिरीला जातोय. दादा, शेजारच्या फोनवरून मुलुंडला कळव, येऊ नका म्हणावं. चूक माझी आहे, मी आधीच सांगायला हवं होतं. नाना, मी खूप विचार केलाय, फार दिवस केलाय." तिने आईच्या हातातून साडी घेतली, काठ बोटांत धरला. "मी बळवंतशी लग्न करणार आहे."